चिंध्या बांधलेली कणसं

बी मागायला दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवू नये, असं आमच्यात म्हणतात. इद्रिसला मी रिकाम्या हातानं पाठवलं नाही. पाठवलं असतं तर आज मान वर करून सांगता आलं असतं.

वारज्याला तेव्हा शेती होती. आता सांगितलं तर माझी नातवंडं हसतात, पण होती. मुठेच्या अंगाला भाजीपाला, मधे विहिरीखालचं रान, आणि वर टेकडीच्या पायथ्याला आमचा मुरमाड पट्टा, जेमतेम अर्ध्या गुंठ्याचा. घरात आम्ही तिघं. मी प्रेमला, आमचे हे म्हणजे संभाजी, आणि माझ्या सासू सोजरबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. पोरं अजून व्हायची होती.

खालच्या रानात ह्यांनी दुकानातलं हायब्रीड जोंधळ्याचं बी पेरलं होतं. वरच्या पट्ट्यात मात्र आत्याबाईंच्या माहेरचा जोंधळा असायचा. त्यांचं माहेर उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव बुडालं, भाऊ कुठं कुठं पांगले, आणि त्या गावचा म्हणून एवढा जोंधळाच मागं राहिला. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्यांची रानं करपली तेव्हा हा एका पावसावर पिकला होता, हे आत्याबाई आल्यागेल्याला ऐकवायच्या. ह्यांना त्याचं कौतुक नव्हतं. "कडबा आखूड, उतारा कमी. म्हातारीचं मन राखायचं म्हणून पेरतो," म्हणायचे. तरी दर साली पेरायचे, कारण न पेरलं तर म्हातारी चार दिवस जेवायची नाही.

चौऱ्याऐंशी सालची दिवाळी झाली आणि शेतकी कॉलेजची पोरं शिवार बघायला आली. त्यांत एक उंच, काळाभोर, कुरळ्या केसांचा. गावातली चिल्लीपिल्ली त्याच्या मागं मागं. बाकीची पोरं बांधावर उभी राहून वहीत लिहीत होती. हा गडी आमच्या वरच्या पट्ट्यात जाऊन उकिडवा बसला. परतीचा पाऊस त्या साली दगा देऊन गेला होता, विहिरीचं पाणी भाजीलाच कसंबसं पुरायचं. खालच्या रानात पानांच्या सुरळ्या झालेल्या आणि वरचा जोंधळा मुरमात असून हिरवागार. त्यानं बोटानं माती उकरली, वास घेतला, तिथंच बसून राहिला. मास्तरांनी तीन हाका मारल्या तेव्हा उठला.

पुढच्या रविवारी तो एकटाच सायकलवर आला.

"ताई, मी इद्रिस. सुदानचा. कोर्दोफान. हा जोंधळा..." पुढचं मराठी संपलं तसं त्यानं हिंदी मिसळलं, "इसका बीज मला पाहिजे. पैसे नाही माझ्याकडे. काम करतो."

हे म्हणाले, "काम करतो म्हणतोय तर करू दे की. फुकटचा गडी."

असा तो यायला लागला, दर रविवारी, उन्हं वर यायच्या आत. खुरपणीला बसला की माझ्या पुढं ओळ काढायचा. खुरपं धरायची त्याची तऱ्हा वेगळी होती, पात्याजवळ, पण हात बायकांसारखा चपळ. कणसांवर पाखरं उतरायला लागली तेव्हा मी त्याला गोफण दाखवायला गेले. त्यानं ती माझ्या हातातून घेतली, खडा घातला, आणि पार बांधापलीकडचा थवा उडवला. त्यांच्याकडंही गोफणच असते म्हणे. मला उगीचच बरं वाटलं.

आत्याबाईंनी त्याला चहा द्यायला एक कप वेगळा काढला होता. कान तुटलेला. तो गोठ्यातल्या कोनाड्यात असायचा. "कोण कुठला, मुसलमान, आपल्या भांड्यात कसा देयाचा?" इद्रिस चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा, आणि नेऊन कोनाड्यातच पालथा घालायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच खेपेला त्यानं आपणहून तो तिथं ठेवला, आणि मी चुलीकडं तोंड फिरवलं. मी घरात सून. आत्याबाईंपुढं बोलायची माझी टाप नव्हती, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला बोलायचंच नव्हतं.

मार्गशीर्षात एकदा माळ्यावर आम्ही दोघं राखण करत बसलो होतो. म्हणजे मी माळ्यावर, तो खाली बांधावर. मी सहज विचारलं, "तुझ्या आईनं पत्र-बित्र धाडलं का?"

"आलं. भाऊ लिहितो, आई सांगते." मग म्हणाला, "दोन वर्षं पाऊस नाही, ताई. गाई मेल्या. आई आणि बहिणी सकाळी जंगलात जातात, मुंग्यांची घरं खोदतात."

"वारुळं? ती कशाला?"

"मुंग्या दाणे नेतात ना आत. गवताचे दाणे. ते काढतात, धुतात, दळतात." त्यानं ओंजळ करून दाखवली. "दिवसभर खोदून एवढे."

माझ्या हातातली गोफण तशीच राहिली. मी म्हटलं, "आन पेराय?"

"पाऊस येईल कधीतरी. बी नाही घरात." त्यानं वरच्या पट्ट्याकडं हात केला. "म्हणून हे. चार शेर नेलं तरी पुरे. पहिल्या वर्षी कुणी खाणार नाही. सगळं पुन्हा पेरायचं. मग भावाला, मग चुलत्याला, मग गावाला."

हे त्यानं मला सांगितलं होतं. माझ्या तोंडावर सांगितलं होतं. पुढचं ऐकताना हे ध्यानात ठेवा, म्हणजे मला माफ करायची घाई होणार नाही.

त्याच आठवड्यात मी बी धरलं. आमच्यात बी बाईच धरते. अंघोळ करून, अनवाणी रानात शिरायचं, बांधाकडची कणसं सोडून मधली बघायची. ताट सरळ, कणीस भरलेलं, कीड नाही, अशी हेरायची आणि कणसाखाली ताटाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घरातला माणूस तिथं विळा लावत नाही. ती कणसं सगळ्यांत मागं, पार कडक वाळल्यावर खुडायची, चुलीवरच्या आढ्याला धुरात टांगायची.

आत्याबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं फारसं, मोतीबिंदू पिकलेला. त्या बांधावर बसून विचारत होत्या, "किती झाली गं?"

"वीस झाली."

"त्या पोरालाबी बांधू दे. नेयाचं हाय त्याला, तर हात लागू दे त्याचा."

मला नवल वाटलं. कप वेगळा ठेवणारी ही बाई, आणि बियाला हात लावू देते! इद्रिसनं चपला काढल्या. माझ्या चिंध्या संपल्या तर त्यानं खिशातला रुमाल काढून फाडला, निळ्या चौकड्यांचा, आणि त्याच्या पट्ट्या केल्या. दोघांची मिळून चाळीस कणसं झाली. त्याची गाठ मोठी घट्ट, दोनदा फिरवून ओढलेली. मी म्हटलं, "अरं, जोंधळा पळून जायचा नाय."

तो हसला. "पाऊस पळून गेला ताई, मला आता कशाचा भरोसा नाही."

आणि मग विहिरीचं निघालं. नवा मोठा रस्ता होणार, वारज्यातून जाणार, अशी बातमी होती. मोजणीची माणसं शिवारात फिरून गेली आणि पारावर कुणीतरी बोललं की रेषा संभाजीच्या विहिरीवरून जाते. ह्यांची झोप उडाली. विहीर गेली की खालचं रान गेलं, भाजी गेली, उरलं काय? मोजणीच्या ऑफिसात परचुरेसाहेब म्हणून होते, कोथरूडला सोसायटीत राहायचे. हे त्यांना जाऊन भेटले. आता सरळ विचारावं की नाही, साहेब, माझी विहीर जाते का? छे. मोठ्या माणसापुढं तोंड उघडायचं म्हणजे ह्यांची बोबडी वळते. हे बोलले काय, तर, "साहेब, रविवारी आमच्या मळ्यात हुरडा खायला या. मंडळींना घेऊन या."

घरी आले ते फुशारत. "येतो म्हणाले! त्यांनी हुरडा खाल्ला की समज काम झालं."

मी म्हटलं, "रविवारी इद्रिस येतो."

"त्या दिशी नको म्हनावं."

"का?"

"का म्हंजे? कोथरूडची मानसं, आन तिथं ह्यो काळा बांधावर बसलेला. इचारतील, कोन म्हनून. काय सांगू?"

इद्रिसला ते मीच सांगितलं. "ह्या रविवारी नको येऊ, पावनं यायचेत." तो म्हणाला, "पाव्हणे आले तर काम जास्त असेल, ताई. मी लाकडं आणीन." मी म्हटलं, "नको म्हटलं ना." तेव्हा त्याला कळलं. मान हलवून सायकलवर बसला. नंतर त्याची परीक्षा होती, म्हणजे तो तीन आठवडे येणार नव्हता.

रविवारी सात-आठ माणसं येतील म्हणून ह्यांनी तयारी केलेली. आली सोळा. साहेब, त्यांच्या बाई उल्काताई, शेजारपाजारचे, ऑफिसातले दोघंतिघं. मी पहाटेपासून राबत होते. आगटी खणली, गोवऱ्या रचल्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, खोबरं, ताक. घोंगड्या अंथरल्या. विस्तव फुलला तशी ह्यांनी खालच्या रानातली कणसं आणून खुपसली, भाजून काढली, मी तळहातावर चोळून दाणे पुढं ठेवले.

हायब्रीड लवकर आलेलं. दाणा निब्बर झाला होता. चोळतानाच मला कळलं, तळहात सोलून निघाले.

उल्काताईंनी चार दाणे तोंडात टाकले, चावले, आणि साहेबांना म्हणाल्या, "अहो, आधी सांगायचंत. दातांचे डॉक्टर बरोबर आणले असते."

सगळे हसले. त्या वाईट नव्हत्या हो, बोलायची पद्धतच ती. पण ह्यांचं तोंड उतरलं. साहेबांनी हसून सावरलं, "असू द्या, असू द्या. चटणी उत्तम आहे." हुरडा खायला आलेला माणूस चटणीची तारीफ करतो म्हणजे यजमानानं काय समजायचं?

ह्यांनी मला गोठ्याआड बोलावलं. "वरच्या पट्ट्यातली आन."

"बियाचं हाय ते."

"चिंधीची सोडून आन की. चार कणसं. अब्रू चाललीय हितं."

मी गेले. वरचा जोंधळा उशिराचा, दाणा नुकता भरत आलेला. विळा घेऊन चार नाही, पदरभर आणली. ती भाजली, चोळली, आणि हिरवेगार मऊ दाणे पळसाच्या पानावर ठेवले. उल्काताईंनी खाल्ले आणि डोळेच मिटले.

"अहो, हे काय आहे? साखर घातलीत का?"

"न्हाई जी. आमचा घरचा हाय."

"मग हे लपवून ठेवलं होतंत होय? वहिनी, तुम्ही पुणेकर दिसता."

पुन्हा हशा. ह्या खेपेला मीही हसले. सोळा माणसं माझ्या हाताकडं बघत होती. "वहिनींच्या हातचा हुरडा," "वहिनी, इकडे थोडा." मला आयुष्यात कुणी वहिनी म्हणून एवढं मागून खाल्लं नव्हतं. मी वर गेले, आणखी आणली. पुन्हा गेले. कुणी मला ढकललं नाही. कमरेत पदर खोचून मी आपल्या पायांनी टेकडी चढत होते आणि मला दम लागत नव्हता. मी काय सांगू, मला आनंद झाला होता.

दुपार कलली. मंडळी उठायला लागली. उल्काताई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "घरी सासूबाई आहेत, त्यांना गुडघ्यांमुळे येता आलं नाही. थोडी कणसं दिलीत तर त्यांनाही चव कळेल. असतील तरच हं."

असतील तरच, असं म्हणाल्या होत्या त्या. "नाहीत" म्हणायला एक शब्द पुरे होता.

वर गेले तर पट्टा भुंडा झालेला. कापलेली ताटं, आणि मधे मधे चिंध्यांची उभी. चाळीस. मी बराच वेळ उभी राहिले असं सांगितलं तर खोटं होईल. मी खाली बघितलं. रस्त्यावर त्यांची गाडी सुरू झाली होती आणि हे हात करत होते, लवकर, लवकर. मी विळा लावला.

चिंध्या तशाच ठेवून कणसं कशी देणार? उल्काताई विचारतील, हे काय बांधलंय. म्हणून मी चिंध्या सोडायला लागले. माझ्या गाठी सुटल्या. इद्रिसच्या सुटेनात. नखं लावली, सुटेनात. मग मी ताट तोंडाशी धरून त्या निळ्या रुमालाच्या गाठी दातांनी सोडल्या. एक एक. वीस गाठी. कुत्र्यासारखी बसून. तोंडात चिंधीची चव आली, घामाची. सगळ्या चिंध्या गोळा करून बांधाच्या दगडाखाली सारल्या, आणि कणसं पदरात घालून खाली पळाले.

"केवढी आणलीत!" उल्काताई म्हणाल्या.

घरी आल्यावर आत्याबाईंनी अंधुक डोळ्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "बियाची कणसं हायेत ना गं नीट?"

"हायेत," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी मोजणीवाले रोवायचे दगड घेऊन आले. परचुरेसाहेब स्वतः होते. रेषा आमच्या विहिरीपासून चांगली दीडशे पावलं लांबून गेली. हे हात जोडून पुढं झाले, "साहेब, लई उपकार झालं. विहीर वाचवली तुमी."

साहेबांनी चष्मा वर केला. "मी? अहो संभाजीराव, रेषा गेल्या वर्षीच मंजूर झाली. तुमची विहीर तिच्यात कधीच नव्हती."

"मंग... पारावर म्हनत होते..."

"मला विचारायचंत. तुम्ही विचारलंच नाहीत. हुरड्याला बोलावलंत, आम्ही आलो." आणि मग माझ्याकडं बघून अगदी मनापासून म्हणाले, "आई अजून आठवण काढते हो त्या हुरड्याची."



इद्रिस आला तोवर खालचं रानही कापून झालं होतं, खळ्यावर मळणी चाललेली. परीक्षेनं वाळला होता. आल्या आल्या त्यानं चपला काढल्या, वरच्या पट्ट्याकडं बघितलं. "कापलं? बी कुठे, ताई?"

"आढ्याला टांगलंय."

"बघू?"

"परक्यानं बघायचं नसतं, टांगल्यावर," मी म्हटलं. असला कुठलाही रिवाज आमच्यात नाही. जिभेवर आलं, बोलून गेले. त्यानं लगेच मान खाली घातली. "माफ करा, मला माहीत नव्हतं." माझी त्यानं माफी मागितली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं.

तो दिवसभर उफणणीला राबला. पाटी डोक्यावर धरून वाऱ्याकडं तोंड करून उभा राहायचा, कोंडा सगळा त्याच्या केसांत. जाताना म्हणाला, शुक्रवारी निघतो, मुंबईहून विमान, गुरुवारी दुपारी येऊन बी घेऊन जातो.

मी ह्यांना म्हटलं, "आता काय करायचं?"

हे खळ्यावरची रास सारखी करत होते. वर न बघता म्हणाले, "ह्यातलं दे चार शेर."

"हायब्रीडचं? ते पुन्हा पेरलं तर कणीस धरत नाय. तुमालाच ठावं हाय."

"जोंधळाच हाय ना? त्यो काय हितं दाखवाय येतोय?" मग आवाज खाली आला. "मग काय सांगनार हायेस त्याला? पावन्यांनी खाल्लं म्हनून? सांग जा. तूच सांग."

मी नाही सांगितलं. बुधवारी मी चार शेर हायब्रीड पाखडलं, राख चोळली, कडुनिंबाचा पाला घातला, खादीच्या पिशवीत भरलं आणि तोंड सुईदोऱ्यानं शिवायला घेतलं. खरं बी बांधताना करतात ते सगळं मी केलं. एकही गोष्ट सोडली नाही.

गुरुवारी इद्रिस स्वच्छ पांढरा सदरा घालून आला. सायकल कुणाला तरी देऊन टाकली होती. आत्याबाई ओसरीवर बसलेल्या. त्यांनी त्या दिवशी त्याला घरातल्या कपात चहा द्यायला लावला, आणि म्हणाल्या, "पिशवी आन गं हिकडं. माझ्या हातानं एक मूठ घालते. माझ्या माहेरचं हाय, माझा हात लागू दे."

"शिवलीय मी तोंडाला."

"उसव."

मी उसवली. आत्याबाईंनी पिशवीत हात घातला. मूठ भरली आणि थांबल्या. दाणे बोटांत फिरवले. एक तोंडात टाकला, दाढेखाली धरला. त्यांची बुबुळं पांढरी झालेली, त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, तरी त्यांनी मान माझ्याकडं वळवली.  मग त्यांनी मूठ परत पिशवीत सोडली, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"सुखानं जा, बाबा. आईला सांग."

काय सांग, ते त्या बोलल्या नाहीत. इद्रिसनं पिशवी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. मला म्हणाला, "ताई, पहिलं पीक आलं की पत्र लिहीन." आणि नाक्याच्या वाटेला लागला.

तो बांध ओलांडून गेला तशा आत्याबाई म्हणाल्या, "कुनाचं भरलंस?"

मी सांगितलं. सगळं. हुरडा, उल्काताई, चिंध्या, दात.  मी पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय आवरले.

"माझे कशाला धरतीस? माझं माहेर तर गेलंच. पन त्याची माय पेरंल ती. वरीसभर वाट बघंल." मग ओरडल्या, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं, "बसली काय हायेस, रांडे! जा, गाडी सुटायच्या आत जा!"

मी अनवाणी पळाले. धसकटं पायात शिरत होती. नाक्यावर पीएमटीची बस उभी होती, इंजिन चालू. इद्रिस आत खिडकीशी बसलेला, मांडीवर पिशवी. मी खिडकीच्या पत्र्याला हात लावून उभी राहिले. धाप लागलेली. त्याला वाटलं निरोप द्यायलाच आले. हसला. "ताई!"

"ते पेरू नको," मी म्हटलं.

"काय?"

"पेरू नको ते. खायाचं हाय. दुकानातल्या बियाचं हाय, धरत नाय ते. तुझं बी... तुझं बी नाय ऱ्हायलं."

गाडीतली माणसं बघायला लागली. भाजीची टोपली घेऊन बसलेली आमच्याच आळीतली तुळजाबाई पुढं वाकून ऐकत होती. मी तसंच सांगितलं. "पावन्यांनी खाल्लं. हुरडा केला त्याचा. चिंध्याबी मीच सोडल्या."

इद्रिसनं पिशवीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला वाटलं, आता शिवी देईल, पिशवी तोंडावर फेकेल. फेकली असती तर मी ती उचलून घरी गेले असते आणि थोडं हलकं वाटलं असतं. त्याला राग आलेला दिसेना. त्याला ते समजतच नव्हतं. कपाळाला आठ्या घालून, वर्गात पोरगं विचारतं तसं त्यानं मला विचारलं.

"आम्ही पण बी खाल्लं, ताई. गेल्या वर्षी. गाई संपल्या, झाडाचा पाला संपला, लहान बहीण गेली, मग आईनं बी काढलं. तुमच्याकडे काय संपलं होतं?"

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. तो खिडकीतून मागं बघत राहिला, मी उत्तर देईन म्हणून थांबल्यासारखा.

घरात दोन कणग्या दाण्यांनी गच्च भरलेल्या होत्या. म्हैस दोन वेळा दूध देत होती. काहीच संपलं नव्हतं.